नदीपेक्षा गोल

त्या गोट्याची लांबी चौऱ्याऐंशी मिलिमीटर भरली, रुंदी ब्याऐंशी आणि जाडी एक्याऐंशी. कॅलिपर पुसून मी पुन्हा मापं घेतली, तीच आली. मग गोटा हातात फिरवून पाहिला. कुठे कड नव्हती, कोपरा नव्हता, बोट अडेल असं काही नव्हतं. फक्त एका जागी नखाएवढा तपकिरी पापुद्रा किंचित उचलला गेला होता, कांद्याचं वरचं साल वाळून सुटतं तसा.

"दगडाला झंपर शिवताय का, बाई?"

मागे सगुणाआक्का उभ्या होत्या. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा.

"एवढा एकच राहिलाय, आक्का."

"काल बी एकच म्हणत होता." त्यांनी भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसल्या. "मापं घेऊन घेऊन बारीक व्हायचा त्यो. काय बघताय त्यात?"

"किती गोल आहे ते."

आक्कांनी गोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन त्यासाठी पुण्यास्नं आलाय?"

शहाऐंशी सालच्या एप्रिलमधली ही गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. करंबेळकर सरांच्या हाताखाली भूशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि त्यांच्या सांगण्यावरून तळवटवाडीच्या शाळेच्या खोलीत मुक्कामाला आले होते. वाडी सह्याद्रीच्या एका कड्याच्या अगदी पायथ्याशी होती, तीसबत्तीस उंबऱ्यांची. दोन पावसाळ्यांपूर्वी वरच्या उतारावर भेग पडली होती, आत बैल उभा राहील एवढी रुंद. जिल्ह्याहून माणसं येऊन बघून गेली आणि वाडी उठवली पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत झालं. उठवून कुठे न्यायची, यावर झालं नाही.

जागा दोन होत्या. एक हे गोटेपठार. वाडीपासून हाकेच्या अंतरावर, सपाट, खाली नदी, कडेला बारमाही झरा, समोर शेतं. दुसरी म्हणजे डोंगरावरचा सडा. तिथे कातळ आणि वारा, झाडाचं नाव नाही, पाणी हवं तर अर्धा डोंगर उतरायचा. वाडीचं म्हणणं सरळ होतं. गोटेपठार दिलं तर उठतो. सड्यावर जा म्हणाल तर इथे कड्याखालीच बरे आहोत.

आणि वाडीचं म्हणणं म्हणजे सगुणाआक्कांचं म्हणणं. भेगेच्या बरोबर खाली पहिलं घर त्यांचं होतं. नवरा ऐन तारुण्यात गेला, तेव्हापासून शेत, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेला सासरा हे सगळं त्यांनी एकटीनं ओढलं होतं. वाडीतली भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटत. प्रांतसाहेब दोनदा येऊन त्याच ओट्यावर चहा पिऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांना एकच उत्तर मिळालं होतं: बघू.

तिसऱ्या वेळी प्रांतसाहेबांना जाणत्या माणसाचा शब्द बरोबर हवा होता. तो सर देणार होते. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या प्रबंधात सरांनी याच पठाराचा अभ्यास केला होता आणि ते नदीनं घडवलेलं, स्थिरावलेलं जुनं पठार आहे असा निष्कर्ष काढला होता. माझ्या मापांनी तो फक्त पक्का व्हायचा होता. येत्या बुधवारी प्रांतसाहेब येणार, सर हो म्हणणार, आणि पावसाच्या आत पाये खणले जाणार, असं ठरल्यातच जमा होतं.

सर भूशास्त्र मराठीतून शिकवायचे. हट्टानं. पहिल्या तासाला ते सांगत, "गोल हा शब्द किराणा दुकानात चालतो. लाडू गोल, नाणं गोल, सूर्य गोल आणि दुकानदारही गोल. आपल्याला चालत नाही." वर्ग हसला की एका खिशातून उकडलेलं अंडं निघे आणि दुसऱ्यातून सापशिडीचा फासा. वस्तू चेंडूच्या किती जवळ जाते तो तिचा गोलपणा. तिचे कोपरे किती झिजलेत ती तिची गोलाई. अंड्याला गोलाई भरपूर, गोलपणा बेताचा. टोकदार फाशाचं नेमकं उलट. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्याला सर भर वर्गात उभं करत. मग ते अंडं सोलून खात आणि खाता खाता मुख्य वाक्य सांगत. "गोलाई म्हणजे प्रवास. दगड जितका लांब वाहत आला तितका त्याचा कोपरा झिजला. कुठून आलास, असं त्याला विचारायला नको. त्याची कड बघा."

आमच्याकडे पाच चित्रांचा एक तक्ता होता. कोनदारपासून सुरुवात करून तो सुगोलवर संपत असे. सुगोल हा शब्द सरांचाच. गोटा उचलायचा, मापायचा, तक्त्याशेजारी धरायचा आणि जागेवर ठेवायचा. फोडायचा नाही. आकार हीच माहिती, फोडला की माहिती गेली, असं सर म्हणत. विभागातल्या गोट्यांच्या कपाटाजवळ हातोडी न्यायला मनाई होती, आणि ती आम्ही देवघरात चप्पल न नेण्याइतक्या सहजपणे पाळत होतो.

पठारावरचे गोटे तक्त्याच्या शेवटच्या चित्राशी जुळत होते. जवळजवळ सगळे सुगोल. रविवारी सकाळीच सर आले, माझी मापं पाहून खूश झाले, आणि आता तुलनेला म्हणून नदीतले गोटे मोजून टाक म्हणाले.

नदीत मी दिवसभर बसले. पाणी घोट्याएवढंच होतं. आक्का धुणं घेऊन वरच्या अंगाला आल्या होत्या. बाईनं आता नदीची पण मापं काढली, असं त्यांनी पलीकडच्या बायकांना ओरडून सांगितलं आणि बायका हसल्या. मी हसले नाही. माझ्यासमोर ओळीनं मांडलेले गोटे अर्धेमुर्धेच झिजलेले होते. बहुतेकांच्या कडा बोटाला लागत होत्या. काही चपटे होते, काही नुसतेच अंगठ्यासारखे लांबट. सुगोल म्हणावा असा मोजून एखादाच.

यात खरं तर आश्चर्य नव्हतं. नदी उगमापासून इथवर येईतो जेमतेम आठ किलोमीटर वाहते. तेवढ्या वाटेत काळा पाषाण झिजून किती झिजणार? आश्चर्य पठाराचं होतं. ज्या नदीनं ते गोटे आणले असं आम्ही म्हणत होतो, त्या नदीच्या गोट्यांपेक्षा ते जास्त गोल होते.

रात्रीच्या भाकरीनंतर मी तो विचार बाजूला ठेवून पाहिला. राहिला नाही. सकाळी पठारावर गेले, पापुद्रा सुटलेला तोच गोटा शोधला, एका थोरल्या धोंड्यावर ठेवला आणि हातोडी उचलली. हात क्षणभर अडला, हे खरं. मग मी घाव घातला.

नदीतला गोटा फुटताना खणकन वाजतो. हा बद वाजला. फुटल्यावर आत एकाखाली एक पापुद्रे दिसले, तपकिरी, पिवळट, मग करडे, आणि मधोमध काळाभोर कठीण गाभा. बाहेरचे पापुद्रे मी बोटांनी चुरले. त्यांचा मुरूम झाला.

मला जे समजलं ते पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही असतं. काळ्या पाषाणाला उभ्या-आडव्या चिरा असतात, त्यानं कड्याचे आपोआप चौकोनी ठोकळे पडतात. चिरांतून पाणी मुरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एकीकडून खातं, कडेवर दोन बाजूंनी, कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी कुजतात. सालीमागून साल सुटत जाते आणि आत राहतो तो गोळा. एक पाऊलही न हलता दगड गोल होतो. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते कुजलेल्या कड्यांच्या धड्यात होतं आणि गोटे नदीच्या धड्यात होते. नदीच्या धड्यातला गोटा कुणी फोडतच नव्हतं.

दगड वर कड्यात गोल झाला असेल, तर तो पठारावर आला कसा, याचं उत्तर एकच होतं. उतार कधी तरी खाली आला होता. सगळाच्या सगळा, मातीसकट.

पठाराच्या चारी कोपऱ्यांतले गोटे मी फोडले. सगळे बद वाजले. दुपारी सर जीपमधून उतरले तेव्हा मी ते गोणपाटावर मांडून बसले होते.

सरांनी कॅनव्हासची टोपी काढली आणि फुटका गोटा उचलला. "फोडलास."

"हो, सर."

त्यांनी एक पापुद्रा अंगठ्यानं दाबला. तो चुरला. सर बराच वेळ अंगठ्याकडे पाहत राहिले. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती, आणि त्यामुळेच ते बघणं मला अवघड जात होतं.

मी नदीतल्या मापांबद्दल सांगितलं. एके काळी नदी मोठी असेल, ते म्हणाले. उगम तर तोच ना, मी म्हटलं. त्यांनी फुटका गोटा गोणपाटावर परत ठेवला. जीपच्या सावलीत जाऊन बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"समज, तुझं बरोबर आहे. बुधवारी तू उठून सांगितलंस की पठार धोक्याचं. ही माणसं सड्यावर जातील?"

"नाही म्हणतात."

"म्हणजे कड्याखालीच राहतील. ती भेग यंदा सुटेल की पुढच्या वर्षी, एवढाच प्रश्न आहे. पठार मात्र अजून शंभर वर्षं हलणारही नाही कदाचित. तुझ्या खऱ्यानं ही माणसं मरतील आणि माझ्या चुकीनं जगतील. हे गणित सोडवून दाखव."

ते स्वतःला वाचवायला बोलत नव्हते. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते गणित माझ्याआधी सोडवून पाहिलं होतं, आणि ते त्यांना सुटलं नव्हतं. मलाही सुटत नव्हतं.

"ते गणित त्यांचं आहे, सर," मी शेवटी म्हटलं. "ते त्यांनी सोडवायचं. आपण आकडे तरी खरे द्यावेत."

"आकडे खरे आहेत हे तरी कशावरून? वरवरचे गोटे नंतर गडगडत आले असतील. खाली नदीची वाळू सापडेल."

"मग खड्डा घेऊ."

"परवा बुधवार."

"उद्याचा अख्खा दिवस आहे."

सरांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. खड्ड्याला त्यांची ना नव्हती. पण त्यातून जे निघेल त्याचं काय करणार ते आधी ठरव, मग कुदळ लाव, असं म्हणून ते तालुक्याच्या विश्रामगृहाकडे निघून गेले.

मी आक्कांच्या ओट्यावर गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे दीर, कोंडिबातात्या, खांबाला टेकून विडी ओढत होते. खणायला माणसं हवीत म्हटल्यावर तात्यांना वाटलं, पाये किती खोल घ्यायचे ते बघायचंय. ते लगेच तयार झाले. मी आक्कांकडेच बघून बोलले.

"आक्का, खड्ड्यातून वाईटही निघेल."

"वाईट म्हंजे?"

"पठारावर घरं बांधू नका, असं."

तात्यांनी विडी तोंडातून काढली. आक्कांचं शेंगा फोडणं थांबलं नाही.

"निघालं तर सांगणार का पोटात ठेवणार? आतापतूर आलेल्या सायबांनी पोटातच ठेवलंय. प्वाट सुटलंय एकेकाचं."

"सांगणार."

"आमी तुमाला शिव्या घातल्या तरी?"

"तरी."

त्यांनी दाणे सुपात टाकले. "तात्या, सकाळी दोघं गडी घ्या आन खणा."

नदी जेव्हा गोटे आणून टाकते तेव्हा ती संसार नीट मांडणाऱ्या बाईसारखी मांडते. वाळूचा थर, त्यावर गोट्यांचा, पुन्हा वाळू. गोटे एकाच दिशेला कललेले, घरावरच्या कौलांसारखे. मला ते सापडलं असतं तर मी आनंदानं सरांची माफी मागितली असती. तात्या आणि दोन गडी खणत होते, आणि मी दर वितीला खाली उतरून भिंत खरवडून पाहत होते. वाळू नव्हती. थर नव्हते. तांबड्या चिकट मातीत लिंबाएवढे आणि डेऱ्याएवढे गोटे एकमेकांना खेटून, कसेही अडकले होते, घाईघाईत बांधलेल्या बोचक्यात भांडी कोंबावीत तसे. गोलांच्या मध्ये ताज्या तुटक्या कडांचे कोनदार धोंडेही होते. खोल गेलो तरी तेच.

ऊन कलायच्या सुमारास, खड्डा पुरुषभर झाल्यावर, तात्यांची पहार वेगळी वाजली. बद नाही. खणखणीत. माझ्या मनात नदीचा गोटा आला आणि मी घाईनं खाली उतरले.

माती हातानं बाजूला केली. गोल कड दिसली, पण गोळ्याची नव्हे. चाकाची. अर्धं चाक, दगडाचं, वीतभराहून थोडं मोठं, मध्ये अर्धं भोक, आणि कडेजवळ आणखी एक लहान भोक, पूर्ण.

तात्यांनी ते वर दिलं. काठावर आक्का बसल्या होत्या; दुपारची भाकरी घेऊन आल्या त्या परत गेल्याच नव्हत्या. त्यांनी तो दगड मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला. लहान भोकात बोट घालून पाहिलं.

"जात्याची वरची तळी," त्या म्हणाल्या. "हितं खुंटा बसायचा."

त्यांनी दगड पालथा केला. खालच्या बाजूला टाकीचे घाव झिजून अस्पष्ट झाले होते. आक्कांनी त्यावरून पंजा फिरवला, दळताना फिरतो तसा, गोल.

"लई दळलंय हिनं," त्या म्हणाल्या. मग तात्यांना विचारलं, "पठारावर कोण राहत हुतं?"

"कोण न्हाई. आज्जा सांगायचा ना, पठारावर कवाच कोण नव्हतं."

"कोण न्हाई? मग जातं काय कड्यावरनं दळत दळत आलं?"

गडी हसले. तात्यांनी वर कड्याकडे पाहिलं, खड्ड्याच्या तांबड्या भिंतीकडे पाहिलं, आणि पहार काठावर आडवी ठेवली.  त्या संध्याकाळी सांगण्यासारखं माझ्याजवळ त्या भिंतीहून जास्त काही नव्हतं.

आक्का ती तळी डोक्यावर घेऊन घरी गेल्या.

बुधवारी सर प्रांतसाहेबांच्या आधी तासभर आले. शिडी नको म्हणाले आणि सरळ खड्ड्यात उतरले. त्यांचं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे होतं. मी वरून त्यांच्या टोपीचा फक्त माथा बघू शकत होते. भिंतीवरून हात फिरत होता. मग त्यांनी माझ्याकडे हात वर केला. मला आधी वाटलं, बाहेर यायला आधार हवाय. त्यांना हातोडी हवी होती.

एक घाव ऐकू आला. बद. थोड्या वेळानं दुसरा.

वर आल्यावर त्यांनी गुडघ्यांवरची माती झटकली. तळहातावर फुटक्या गोट्याची अर्धी कवड होती.

"पंधरा वर्षं मुलांना सांगतोय, गोलाई म्हणजे प्रवास," ते म्हणाले. "गोलाई म्हणजे फक्त गोलाई. प्रवास मी जोडला." मग म्हणाले, "किराणा दुकानदार बरा. तो लाडू गोल आहे एवढंच म्हणतो."



"सांगायचं तूच," ते म्हणाले. "मी शेजारी उभा राहतो. प्रबंधाचं कुणी विचारलं तर ते माझ्याकडे."

"आणि ते गणित, सर?"

"मला काल रात्रीही सुटलं नाही. तू सांग."

सभा आक्कांच्या अंगणात भरली. प्रांतसाहेब खुर्चीवर, वाडी जमिनीवर. पहिल्या रांगेत म्हातारे टोप्या सावरून बसले होते. पठार मिळणार म्हणून कुणी तरी नारळही आणून ठेवला होता. मी गोणपाट पसरलं आणि त्यावर तीन दगड ठेवले. एक नदीतला. एक पठारावरचा. तिसरी ती अर्धी तळी. ती मी आक्कांकडून मागून आणली होती.

"हे तिन्ही गोल आहेत," मी म्हटलं. आवाज हवा तेवढा निघाला नाही. पुन्हा म्हटलं. "तिन्ही गोल आहेत, पण एका कारणानं नाहीत. हा वाहून वाहून गोल झाला. हा वर कड्यात, जागच्या जागी कुजून गोल झाला. आणि हा माणसानं टाकीनं गोल केला. आम्ही आजवर समजत होतो की पठारावरचे गोटे या पहिल्यासारखे आहेत, म्हणजे पठार नदीनं केलंय. तसं नाही. ते दुसऱ्यासारखे आहेत. ते कड्यावरून आलेत, उतार घसरला त्याच्याबरोबर. आणि उतार आला तेव्हा खाली कुणी तरी राहत होतं. पठार म्हणजे तीच दरड आहे. एकदा आली त्या वाटेनं ती पुन्हा येऊ शकते. तिथे घरं बांधू नका."

 प्रांतसाहेबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "बाई सांगतात ते बरोबर आहे. माझं चुकलं होतं." एवढंच म्हणाले, पण उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मग एकदम गलका झाला. दोन वर्षं आशेला लावलं आणि आता हे, असं म्हातारे म्हणाले. मागून कुणी म्हणालं की बाईला सड्यावर राहायला पाठवा, मापं घेत बसेल वाऱ्याची. बायकांपैकी एक रडायला लागली. तात्यांनी कालचा खड्डा स्वतः खणला होता, तरी तेच उठले आणि म्हणाले, "मंग ठरलं. पठार न्हाई तर न्हाई. आमी हाय हितंच ऱ्हातो. जे व्हईल ते व्हईल."

बऱ्याच माना हलल्या. सर माझ्या शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांच्या हातातली टोपी चुरगळली गेलेली मला दिसली. गणिताचं उत्तर ते म्हणाले होते तसंच येत होतं. मी बोललेलं मागे घेण्यासारखं नव्हतं आणि मला ते घ्यायचंही नव्हतं. मी तीन दगडांच्या मागे उभी राहिले, एवढंच.

आक्का अजून बोलल्या नव्हत्या. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, गोणपाटाजवळ आल्या आणि तळीसमोर उकिडव्या बसल्या. गलका हळूहळू कमी झाला.

"हिचं नाव काय हुतं, तात्या?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"दळायची ती."

"मला काय ठावं?"

"कुणाला ठावं हाय?" आक्कांनी मान वर करून अंगणभर पाहिलं. "सांगा की. म्हाताऱ्यांनो, तुमी सांगा. घर हुतं, चूल हुती, प्वारं असतील. रोज इतकं दळलंय की टाकी मिटून गेली. एका तरी माणसाला नाव ठावं हाय?"

पहिल्या रांगेतल्या टोप्या खाली झुकल्या.

"ती बी बघू म्हणली असंल," आक्का म्हणाल्या.

त्या उठल्या, प्रांतसाहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सायेब, सड्यावर पाणी तुमी आणायचं. आधी पाणी, मंग पत्रे, मंग भाषाण. पाणी न्हाई आलं तर मी माझ्या दोन म्हशी घिऊन तुमच्या हापिसात ऱ्हायला येईन. म्हशी दिसभर मुततात, आधीच सांगते."

प्रांतसाहेब हसले नाहीत. पाणी येईल म्हणाले. आक्कांनी त्यांच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं, बाजारात बैल घेताना माणूस पाहतो तसं. मग त्या वळल्या. त्यांच्या पडवीत त्यांचं जातं होतं, अख्खं, दोन्ही तळ्यांचं, खुंट्यासकट. त्याच्याकडे हात करून त्या दिराला म्हणाल्या,

"तात्या, चार गडी लावा. माझं जातं आधी उचला. सड्यावर जायचं."